ज्याचं त्याचं भगुनं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, रोज सकाळी गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन डोळे मिटतो तेव्हाही नाही. येलदरीच्या पाण्याकाठी मुक्कामाला जायचं ठरलं, तेव्हा प्रत्येकाची भांडी वेगळी हवीत असा मी जो हट्ट धरला, तो वजनासाठी नव्हता, स्वच्छतेसाठी नव्हता, माझ्या नाजूक पोटासाठी तर नव्हताच. मला त्याच्या भगुन्यात जेवायचं नव्हतं. एवढंच.

मी मानवतच्या एका शाळेत कारकून आहे. राहायला परभणीत. तो त्याच शाळेत भूगोल शिकवतो, तोही परभणीहूनच येतो. कितीतरी वर्षं आम्ही सकाळच्या गाडीला एकाच बाकावर बसायचो. हिवाळ्यात खिडकीबाहेर धुकं असायचं आणि धुक्यातून कपाशीची बोंडं कुणीतरी विसरून गेल्यासारखी पांढरी पांढरी दिसायची. तो हळू आवाजात सांगत राहायचा, की ही काळी माती म्हणजे एकेकाळचा वितळलेला दगड आहे, इथं आगीचा समुद्र होता, आपण त्याच्या तळावरून चाललोय. मी अर्धवट झोपेत ऐकायचो. पेडगाव कधी मागं पडायचं ते कळायचं नाही. गाडी जमिनीवरून चाललीय का पाण्यावरून, तेही कळायचं नाही. आयुष्यात मला इतकं शांत फार थोड्या ठिकाणी वाटलंय.

आमचं घर शिवाचं, लिंगायत. त्याचं घर छप्पन सालानंतर बौद्ध झालेलं. हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही ते बोलत नव्हतो. शाळेत कारकुनाला सगळे भाऊसाहेब म्हणतात. तो एकटा मला अप्पा म्हणायचा.

"भाऊसाहेब म्हणलं की पगारबिल आठवतंय," तो म्हणायचा. "अप्पा म्हणलं की माणूस आठवतो."

मी त्याला सर म्हणायचो. त्यात आदर किती होता आणि अंतर किती, ते तेव्हा मी मोजलं नाही.

तो आमच्या घरी यायचा. आम्ही सगळे स्टीलच्या पेल्यात चहा प्यायचो. त्याला आई चिनीमातीच्या कपात द्यायची, निळ्या फुलांच्या. बशीसकट. तो कप न्हाणीच्या खिडकीत वेगळा असायचा आणि वेगळाच विसळला जायचा. तो कप हातात फिरवून म्हणायचा, "मावशी, या घरात मला लय मान हाय. सगळ्यांना पेले, अन् मला फुलाचा कप." आई हसायची. मीही हसायचो. तो तर सगळ्यांत मोठ्यानं हसायचा. त्याला तेव्हाच सगळं कळत होतं का, हे मला अजून ठरवता येत नाही. काही रात्री वाटतं, होतं. मग कूस बदलून वाटतं, नसावं.

मला शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले चाला. तो म्हणाला, "गल्लीत काय चालता अप्पा, माझ्यासंग चला." मग आम्ही रविवारी एसटीनं जिंतूरकडं जायला लागलो. तिकडं डोंगर फार उंच नाहीत. झोपलेल्या जनावराची पाठ असावी तसे आहेत, पळसाचे, सागाचे. सकाळी चढायचं, दुपारी एखाद्या झाडाखाली डबे सोडायचे, संध्याकाळी परत. डब्याचं मला सोपं होतं. त्याला आमच्या घरची जवसाची चटणी आवडायची. तो घ्यायचा, बोटानं पुसून घ्यायचा. माझं त्यानं खावं याला माझी कधीच हरकत नव्हती. त्याच्या डब्यातलं घ्यायची वेळ आली की मी शुगर पुढं करायचो. वांग्याच्या भाजीत कसली आलीय साखर, असं त्यानं कधी विचारलं नाही.

एका रविवारी उतरताना खाली येलदरीच्या धरणाचं पाणी दिसलं. ऊन कलतं होतं. पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. तो थांबला आणि म्हणाला, "हे सोडून एसटी पकडायची म्हणजे पापच हाय अप्पा. एकदा इथं मुक्काम करू. इथंच शिजवू, इथंच खाऊ."

मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो. आणि पुढच्याच पावलाला मनात आलं, शिजवायचं कशात?

दुसऱ्या दिवसापासून गाडीत तो मोबाइलवर कॅम्पिंगची भांडी दाखवायला लागला. एकात एक बसणारी पातेली, त्यांत बसणारे पेले, त्यांत बसणारी वाटीएवढी शेगडी, दुमडणारे दांडे, सगळं एका जाळीच्या पिशवीत. टायटॅनियमचं एक भांडं इतकं हलकं होतं म्हणे, की हातात घेतलं तरी घेतल्यासारखं वाटत नाही. "हे नुसतं बघायचं," तो म्हणाला. "देवळातल्या दागिन्यासारखं." चौघांच्या सेटमध्ये डाव, उलथणं, भांडी घासायचा स्पंजही होता. तो म्हणाला, अर्धं सामान नुसतं वस्तूंचा आकडा वाढवायला घातलेलं असतंय, पाठीवर मात्र सगळंच न्यावं लागतंय. पातळ भांड्यात तळाला लागतंय अन् वर कच्चं राहतंय. जाळीची पिशवी बघून भुलायचं न्हाई.

मग त्यानं मोबाइल खिशात घातला.

"एक जर्मलचं भगुनं," तो म्हणाला. आमच्याकडं अॅल्युमिनियमला जर्मल म्हणतात. "जरा जाड बुडाचं. वर ताटली झाकण. दोन चमचे, एक पकड. भगुन्यात खिचडी, तिथंच बसून दोघांनी खायची. सकाळी त्याच्यातच चहा. याच्याहून स्वस्त अन् हलकं दुनियेत काय असतंय?"

त्याचं बरोबर होतं. आज कुणी मला विचारलं तर मी हेच सांगीन. दोन माणसांना एक भांडं पुरतं.

मी खिडकीबाहेर बघत म्हणालो, "सर, ज्याचं त्याचं वेगळं असलेलं बरं."

"का बरं?"

मी कारणं दिली. वजन दोघांत वाटलं जाईल. एक भांडं हरवलं तर दुसरं राहील. मला मीठ कमी लागतं. बाहेर गेल्यावर ज्याचं त्यानं वापरणं आरोग्याला चांगलं, परदेशात तसंच करतात. बोलता बोलता ती कारणं मलाच खरी वाटायला लागली. किती सोपं होतं ते. आईला खिडकीत कप ठेवावा लागायचा. मला काहीच लपवावं लागत नव्हतं. माझा विटाळ जाळीच्या पिशवीत घालून विकायलाच ठेवलेला होता, एका माणसाचा सेट म्हणून.

तो मग म्हणाला, "दोन चुली, दोन भगुनी. अप्पा, आपल्या वाटण्या कधी झाल्या?"

मी हसलो. तोही हसला. आणि मग त्यानं माझं खोटं खरं मानून त्याच्यावर मेहनत घ्यायला सुरुवात केली.

परभणीच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात आम्ही एक अख्खी दुपार घालवली. शिडी लावून दुकानदारानं वरची भांडी काढली. तो एकात एक घालून बघायचा, कानाजवळ नेऊन हलवायचा. "वाजायलंय," म्हणून परत द्यायचा. "दिवसभर पाठीवर वाजत बसंल." पेला भांड्यात बसतो का, पेल्यात तांदळाची पुडी बसते का, झाकण उलटं केलं तर ताटलीसारखं टेकतं का. दुकानात उन्हाची एक तिरीप आली होती. सगळी भांडी चमकत होती आणि तो त्यांच्या मधोमध मांडी घालून बसला होता, भातुकली मांडावी तसा.

"सर, सहलीला चाललात का बिऱ्हाड मांडायलात?" दुकानदार म्हणाला.

"बिऱ्हाडच मांडायलोय," तो म्हणाला. "पण दोन मांडायचेत."

"असं का?"

"ह्या अप्पाला इचारा."

मी रस्त्यावरच्या रिक्षा बघत राहिलो.

त्यानं स्वतःला जर्मलचं भगुनं घेतलं, बिनदांड्याचं, जाड बुडाचं. मला मात्र स्टीलचं, दुमडणाऱ्या दांड्याचं, वर खोलगट झाकण. म्हणाला, "तुमाला चिंचेची आमटी लागते. जर्मलमध्ये आंबट ठेवू न्हाई." माझ्यासाठी शोधून शोधून घेतलेलं ते भांडं होतं. आमच्याकडं नवं भांडं घेतलं की दुकानदार विचारतोच, नाव घालायचं का. दुकानदारानं विजेची लेखणी काढली. ती गुणगुणत भांड्यावर फिरते आणि चांदीची धूळ उडते.

"अप्पा घाला," तो म्हणाला.

"अन् ह्या दुसऱ्यावर?"

"त्याच्यावर नको. राहिलं ते माझं."

माझ्या हातात भांडं देताना तो म्हणाला, "घ्या अप्पा. आता कोणाचं कोणात मिसळणार न्हाई." त्याच्या तोंडाकडं बघायचं धाडस मला झालं नाही, म्हणून तो कसा बघत होता ते मला सांगता येत नाही.

आम्ही हुरड्याच्या दिवसांत गेलो. पाण्याकाठच्या एका शेतकऱ्यानं बांधावर जागा दिली, दोन ओंजळी हुरडाही दिला. सूर्य पाण्यात उतरत होता. बगळे एका रांगेत, पंख न हलवता, झोपेत चालावं तसे चालले होते. तीन तीन दगडांच्या दोन चुली मांडल्या. त्याची तिकडं, माझी इकडं. दोन्हींचा धूर वर जाऊन एक होत होता. तो म्हणाला, "धुराला काय कळत न्हाई अप्पा." मी माझ्या चुलीत काटकी सारली.

माझी खिचडी आधी झाली. मी दांडा धरून भांडं उचललं. स्वस्तातल्या दुमडणाऱ्या दांड्याची ही खोड असते, गरम झाला की त्याची खीळ सैल पडते. भरल्या भांड्याला तो सोसत नाही. पकडीनंच उचलावं लागतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दांडा हातात दुमडला आणि भांडं कलंडलं. सगळी खिचडी राखेत गेली.

तो उठून आला. हात भाजला का बघितलं. नाही भाजला म्हटल्यावर हसायला लागला. "चला, बरं झालं. चुलीनं वाटणी मोडली." आपलं भगुनं पकडीनं उचलून आणलं, दोघांच्या मधे ठेवलं, ताटली काढली. वाफ आली. तुरीच्या डाळीची खिचडी, वर लसणाची फोडणी. मला तो वास अजून येतो, कुठंही असताना येतो. त्यानं एक चमचा धोतराच्या फडक्याला पुसला, ते फडकं आम्ही भांडी वाजू नयेत म्हणून मधे घातलेलं होतं, आणि माझ्यापुढं धरला.

"या अप्पा. लय हाय, दोघांना पुरून उरंल."

दिवसभर चाललो होतो. भूक सपाटून लागली होती. आणि शुगरवाल्या माणसानं उपाशी राहू नये, हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं.

मी म्हणालो, "नको सर. पोट दुखायलंय."

तो चमचा तसाच धरून बसला. फार वेळ नाही. पण स्वप्नात एखादा जिना संपतच नाही, तसा तो वेळ माझ्यात अजून संपलेला नाही. आमच्या पंथातले जुने लोक सांगून गेलेत, गळ्यात लिंग आलं की उच्च नाही, नीच नाही. मठातल्या पंगतीत मी स्वतः वाढलंय, ताटं उचललीत. ते सगळं मला त्या क्षणी आठवत होतं. आठवत असूनही हात पुढं गेला नाही. कुणी बघत नव्हतं. आई तिथं नव्हती. तिथं पाणी होतं, बगळे होते आणि मी होतो. म्हणजे तो विटाळ आईचा नव्हता, माझाच होता.

"बरं," तो म्हणाला.

त्यानं अर्धं खाल्लं. अर्धं ताटलीनं झाकून वर दगड ठेवला. मी हुरडा चघळत झोपलो.

पहाटे पाण्यावर धुकं उतरलं होतं. सगळं जग पुसून टाकल्यासारखं झालं होतं. एक त्याची चूल लाल दिसत होती. रात्रीची खिचडी त्यानं एका सपाट दगडावर काढली होती, साळुंक्या खात होत्या. भगुनं घासून त्यात चहा चढवला होता. मी माझा पेला घेऊन जवळ जाऊन बसलो. त्याच्या भगुन्यातला चहा मला चालत होता. हॉटेलातला चहा चालतो, असं आमच्यात कुणीतरी कधीतरी ठरवलेलं आहे. का, ते कुणी सांगत नाही.

मी पेला पुढं केला. त्यानं पकडीत भगुनं उचललं आणि पेल्याजवळ आणलं नाही. वर नेलं. आणखी वर नेलं. आणि तिथून, काठ काठाला लागणार नाही असा, चहाची बारीक धार सोडली.

आमच्या शेतावर मी हे लहानपणी बघितलं होतं. तांब्या वर धरलेला, खाली वाकलेला एखादा म्हातारा, ओंजळ तोंडाशी. त्याच्या आज्यानं असंच पाणी पिलेलं असणार. फक्त आज भांडं त्याच्या हातात होतं आणि खाली मी वाकलो होतो.

"असंच ना, अप्पा?" त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता. कुणाला बूट घट्ट होतोय का विचारावं, तसं विचारलं.

मी म्हणालो, "चहा छान झालाय."

परतीच्या एसटीत तो खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून होता. झोपला होता की नाही, माहीत नाही. सोमवारी शाळेत तो माझ्या टेबलाशी आला, रजेचा अर्ज ठेवला आणि म्हणाला, "भाऊसाहेब, तेवढं बघून घ्या."

त्यानंतर मी भाऊसाहेबच राहिलो. भांडण झालं नाही. गाडीत तो आता पुढच्या डब्यात बसतो. भेटला की शुगर कशी आहे विचारतो. घरी येत नाही. आई गेली तेव्हा आला होता, उभ्या उभ्या. चहा झाला होता, पण घेतला नाही. म्हणाला, पोट बरं नाही. फुलांचा कप अजून न्हाणीच्या खिडकीत आहे. बायको तो वापरत नाही, मी फेकत नाही.

या हिवाळ्यात माझी मुलगी कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर सह्याद्रीत चाललीय. मोबाइल घेऊन माझ्याशेजारी बसली. "बाबा, यातला स्वस्तातला भांड्यांचा सेट कुठला घेऊ?"

मी घरात फार बोलत नाही. पण त्या संध्याकाळी बोललो. म्हणालो, वस्तूंचा आकडा बघू नको. दुमडणाऱ्या दांड्यावर भरलं भांडं उचलू नको, पकड ने. बूड जाड बघ. भांडी वाजू नयेत म्हणून मधे फडकं घाल. ती माझ्याकडं बघतच राहिली.

"तुम्हाला हे सगळं कुठून माहीत?"

"एका सरांनी शिकवलं."

"पण आम्ही चौघी एकाच पातेल्यात जेवणार आहोत. मला वेगळा सेट लागतोच कशाला?"

"नाही लागत," मी म्हणालो. ते म्हणायला मला इतकी वर्षं लागली, हे तिला कसं कळणार.

पकड शोधायला ती माळ्यावर चढली आणि ते स्टीलचं भांडं घेऊन उतरली. दांडा अजून सैल आहे. तिनं धूळ पुसली, उजेडाकडं धरलं.

"याच्यावर अप्पा कोरलंय. अप्पा कोण?"

"मी."

"तुम्हाला कोण अप्पा म्हणतं?" ती हसत म्हणाली.

ते भांडं मी तिच्याकडून घेतलं. आता ते माझ्या टेबलावर आहे आणि त्याच्याकडं बघत मी हे लिहितोय. मधेच डोळा लागतो तेव्हा येलदरीचं पाणी दिसतं. त्याच्यावर एक बिननावाचं भगुनं तरंगत असतं, झाकलेलं, वर दगड ठेवलेलं. ते काठाला लागत नाही आणि बुडतही नाही.

उद्या सकाळी तीच गाडी आहे. तो पुढच्या डब्यात असेल.

त्या संध्याकाळी माझं पोट दुखत नव्हतं, हे मला त्याला तोंडावर सांगायचं आहे. आणि त्याच्या भगुन्यातून, त्याच्यासमोर बसून, त्यानं झाकून ठेवलेलं ते अर्धं जेवण मला जेवायचं आहे. ही दोन्ही देणी अजून माझ्याकडं आहेत.